उरेल त्याची सावड

एकोणीसशे शहात्तर साल होतं. अंजिराचा उन्हाळी, मिठा बहार सरत आला होता, आणि एका सकाळी सोसायटीच्या शेडमध्ये मी भिकू हमालाचं मनगट धरलं. त्या काळी नायगव्हाणात कुणाच्या सुनेनं चारचौघांत परक्या पुरुषाचं मनगट धरणं ही पुढची कैक वर्षं चघळायची गोष्ट होती. पण धरलं खरं.

"ओतू नकोस," मी म्हटलं.

"वहिनी, वतायची न्हाई तर काय देव्हाऱ्यात मांडायची?"

शेडमधली माणसं हसली. भिकूच्या हातात माझी पाटी होती. पहाटे उठून, बोटांना खोबरेल लावून, एकेक फळ देठासकट तोडलेलं. खाली अंजिराची पानं, वर एका रांगेत फळं, एकाचा भार दुसऱ्यावर नाही. आणि भिकूच्या समोर ढीग होता. त्यात हिरवट फळं होती, उललेली होती, पाखरांनी टोचलेली होती. चिलटं घोंघावत होती.

"काय चाललंय?" मागून आवाज आला. तात्या आले होते. तात्या कामथे, सोसायटीचे चेअरमन आणि माझे चुलत सासरे. मी पदर पुढे ओढला, पण मनगट सोडलं नाही.

"तात्या, माझी पाटी वेगळी राहू द्या."

"का? तुझ्या झाडाला सोन्याची फळं लागली का?"

"सोन्याची नाहीत. पण नीट तोडलेली आहेत."

"सोसायटीत नीट आणि वाकडं असं काही नसतं, सूनबाई. एक ढीग, एक भाव. ओत रे भिकू."

मी हात काढून घेतला. भिकूनं पाटी उलटी केली. अंजीर पडलं की आवाज होत नाही. ते नुसतं दबतं.

तात्यांचा हा नियम वेडेपणाचा नव्हता, हे आधी सांगते. सोसायटीच्या आधी पुण्याचे दलाल आमच्या माणसांना खेळवायचे. एकाच्या मालाची वाहवा करायची, त्याच्या भावाच्या मालाला नाक मुरडायचं, आणि दोघांच्या भांडणात दोघांचाही माल भाव पाडून घ्यायचा. तात्यांनी घरोघर फिरून सगळ्यांना एकत्र आणलं. सोसायटीची विहीर खणली, इंजिन बसवलं, ट्रक घेतला, आणि दलालाला आमच्यात फट सापडू नये म्हणून सगळ्यांचा माल एकाच ढिगात ओतायचा नियम केला. सुरुवातीला त्यानं गाव तरलं. पण होता होता लोकांच्या ध्यानात आलं, की पहाटे उठणाऱ्याला आणि नऊ वाजता काठीनं फांदी झोडणाऱ्याला एकच भाव मिळतो. मग पहाटे उठणारे कमी होत गेले. भाव उतरला. त्या वर्षी तर अंजीर काढून टाकून कांदा करायची भाषा सुरू झाली होती.

माझी झाडं सासऱ्यांनी लावलेली. बाहत्तरच्या दुष्काळात त्यांनी आणि मी घागरींनी पाणी घालून जगवलेली. यजमान फौजेत, आसामकडे; म्हणून सासऱ्यांनी मरायच्या आधी सोसायटीचा शेअर माझ्या नावावर केला. त्यामुळे सगळ्या गावात स्वतःचं मत असलेली बाई मी एकटीच होते. आतापर्यंत ते मत मी तात्यांच्या बाजूनं देत आले होते.

आदल्या महिन्यात एक गोष्ट झाली होती. पुण्याच्या मंडईतले रशीदभाई बागवान स्वतः गावात आले. म्हणाले, "मुंबईची दुकानं एका थराची खोकी मागतात. भाव दुपटीच्या वर. पण ढिगातला माल नको. ढिगातला माल खोक्यात घातला तर खोकंसुद्धा वाया."

मी संचालकांकडे अर्ज दिला. अर्ज मंजूरही झाला, आणि तिथंच सगळं बिघडलं. संचालकांनी खोके समिती नेमली. प्रत्येक आळीचा एक माणूस, म्हणजे कुणाचा रुसवा नको. त्यातल्या तिघांनी अंजिराचं खोकं कधी पाहिलंही नव्हतं. मग ठरलं, की प्रत्येक सभासदाचा माल सारखा घ्यायचा. ढीग केला, ढिगातून खोकी भरली, तीही थरावर थर. मुंबईला पोचेपर्यंत खालचा थर आंबला, रस गळायला लागला, सगळी खोकी फेकावी लागली. पोपटराव सेक्रेटरींनी ठराव लिहिला, की सभा खेद व्यक्त करते. नासलेली फळं कुणाच्या झाडाची, हे कुणी विचारलं नाही. कुणाला कळणार होतं?

त्यावर ते मनगटाचं झालं. घरी येताना शेजारच्या ठकूमामी माझ्याबरोबर होत्या. त्यांचं तोंड फटकळ, हात मात्र असा हलका की पिकल्या अंजिरावर बोटाचा ठसा उठायचा नाही.

"रडतीयास का?" त्या म्हणाल्या.

"नाही. विचार करतेय."

"मंग बरं हाय. रडली असतीस तर मी घरला गेली असती."

दुसऱ्या दिवशी ठकूमामी, धाकट्या आळीतली विमल आणि मी, तिघींनी मिळून आमच्या मळ्यात खोकी भरली. खोक्यांवर काहीतरी खूण हवी, म्हणून मामींनी हातातली काचेची बांगडी काढली, शाईत बुडवली आणि प्रत्येक खोक्यावर दाबली. निळं गोल कडं उठलं. सकाळच्या एसटीच्या टपावर खोकी चढवून मी ती रशीदभाईंकडे धाडली. चार दिवसांनी त्यांचा निरोप आला, बांगडी छापाची जितकी असतील तितकी पाठवा.

निरोप माझ्याआधी पोपटरावांना कळला. सोसायटीबाहेर माल विकणाऱ्याचं सभासदत्व रद्द, असं पोटनियमात होतंच. मामींचा आणि विमलचा शेअर त्यांच्या घरच्या पुरुषांच्या नावावर. ते दोघे हात जोडून मोकळे झाले. नोटीस मला आली. सभासदत्व गेलं की सोसायटीच्या विहिरीचं पाणी बंद. पाऊस लांब होता. पाण्यावाचून झाडं तग धरणार नव्हती. यजमानांना पत्र जाऊन उत्तर यायला महिना, त्यामुळे विचारायचं कुणाला हा प्रश्नच नव्हता.

सभा भैरवनाथाच्या देवळापुढे भरली. पुरुष सतरंजीवर, बायका मागे ओट्यापाशी. तात्या टेबलामागे बसले होते. पोपटरावांनी नियम वाचून दाखवला आणि पुस्तक मिटलं.

"सगुणा," तात्या म्हणाले, "तुझं काय म्हणणं आहे?"

मी उभी राहिले. घरून काही ठरवून आले होते, ते विसरले. समोर सगळी ओळखीची तोंडं. नांगरटीला, पेरणीला एकमेकांच्या बांधावर पाहिलेली. आणि मला एकदम सुचलं.

"तात्या, नांगरट आली की तुम्ही सावड कुणाशी करता?"

आता सावड म्हणजे काय हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. एका बैलावर नांगर चालत नाही. म्हणून ज्याच्याकडे एक बैल तो दुसऱ्या एका बैलवाल्याला गाठतो. दोन-चार घरं मिळून आज याच्या शेतात, उद्या त्याच्या शेतात काम करतात. त्याला ना कागद ना सही. जो चुकारपणा करतो, त्याला पुढच्या वर्षी कुणी बोलावत नाही. एवढाच त्याचा कायदा.

"म्हादबाशी करतो," तात्या म्हणाले. "सगळ्या गावाला माहीत आहे. त्याचं काय इथं?"

"निवृत्तीभाऊजींशी का करत नाही? त्यांचं शेत तर तुमच्या बांधाला लागून."

सभेत खसखस पिकली. निवृत्ती पुढेच बसला होता. तो म्हणाला, "माझा बैल बसतो म्हणून!"

"बैल न्हाई, तूच बसतुयास!" मागून कुणीतरी ओरडलं.

हसू ओसरू दिलं आणि मी म्हटलं, "बैल जोडताना माणूस पारखून घेता. म्हादबा नांगर खोल धरतो, वेळेवर येतो, म्हणून त्याला घेता. त्यात कुणाला उच्चनीच वाटत नाही. मग अंजिरं जोडताना डोळे का मिटायचे?"

तात्यांनी चष्मा काढला. "म्हणजे सोसायटी मोडायची?"

"नाही. विहीर सोसायटीची. ट्रक सोसायटीचा. पुण्याचा गाळा सोसायटीचा, खोकी सोसायटीनं आणायची. फक्त तोडणी आणि भरणी सावडीची. ज्यांचं ज्यांच्याशी पटतं त्या घरांनी एकत्र यायचं, खोक्यावर आपली खूण मारायची. माल चांगला निघाला तर भाव त्या सावडीचा, त्यातला वाटा सोसायटीला. नासला तर नुकसान त्या सावडीचं. आज मला एक नवं करून बघायचं म्हटलं, तर सगळ्या गावाला विचारावं लागतं. आणि सगळ्या गावानं हो म्हटलं, की त्या गोष्टीचं काय होतं ते आपण मुंबईला पाहिलं. चार घरांना विचारून करता आलं पाहिजे. फसलं तर चार घरं सोसतील."

"पोटनियमात सावड हा शब्दच नाही," पोपटराव म्हणाले.

"मंग लिवा की!" ठकूमामी ओट्यापासून बोलल्या. "पेन कशापायी लावलाय खिशाला, पाठ खाजवायला?"

आता पुरुषही मोकळे हसले. म्हादबानं मान हलवली. मला वाटलं, जिंकलं. पण तात्या हसले नव्हते. ते उठून टेबलाच्या पुढे आले.

"सगळं बरोबर आहे तुझं," ते हळू आवाजात म्हणाले. "आता मला एक सांग. ज्याला कुणीच सावडीत घेणार नाही, त्याचं काय? त्याला काय विहिरीत ढकलायचा? अशाच माणसासाठी मी ही सोसायटी काढली होती. तो ढीग त्याच्यासाठी आहे. ढिगात त्याला कुणी नाकारत नाही."

सगळ्यांच्या नजरा निवृत्तीकडे गेल्या. बिचारा सतरंजीचा दोरा ओढत बसला. खरं सांगायचं तर त्या प्रश्नाचा मी विचारच केला नव्हता, आणि प्रश्न खरा होता. सभा माझ्याकडे बघत होती. बोलले नसते तर पाणी गेलंच होतं.

"उरेल त्याला मी घेईन," मी म्हटलं. "माझ्या सावडीत."

"कुणीही असो?"

"कुणीही असो."

"आणि त्याच्या मालावर तुझीच बांगडी उठेल?"

"उठेल. पण तोडणी माझ्या पद्धतीनं. मी म्हणेन ते फळ बाजूला काढावं लागेल. त्यात लहानथोर नाही."

तात्यांनी चष्मा पुन्हा घातला. मग सभेकडे वळून म्हणाले, "एका माणसाला एक मत. सावडीला हो म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

हात हळूहळू वर गेले. आधी म्हादबाचा. मग मामींच्या यजमानांचा. मागून मामी त्यांच्याकडे डोळे वटारून बघत होत्या ते सगळ्यांना दिसलं. मग धाकटी आळी. तात्यांचा हात ना या बाजूला ना त्या. पण हात पुरले. नोटीस रद्द झाली.

पोपटराव म्हणाले, ठरलंच आहे तर नावं आताच सांगा. मग जो गलका उडाला तो लग्नाच्या याद्यांनाही उडत नाही. कोण कुणाला हाका मारतंय, कोण बायकोकडे बघून मान हलवतंय. निवृत्ती उरणार म्हणून मी मनाची तयारी करून बसले होते, तर म्हादबाच उठला आणि म्हणाला, "निवृत्तीला आम्ही घेतो. बैल बसतो त्याचा, पण त्याच्या मंडळींचा हात झाडावर बघितलाय आम्ही." निवृत्तीनं छाती अशी फुगवली, जणू तो हात त्याचाच.

गलका निवला. पोपटरावांनी विचारलं, "आणखी कुणी राहिलं?"

जो तो दुसरीकडे बघायला लागला. एकजण देवळाच्या कळसाकडे, एकजण आपल्या चपलेकडे. आणि मग माझ्या ध्यानात आलं. तात्यांचा मळा नदीकाठी, गावात सगळ्यात मोठा. पण चुलत सासूबाई जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलं नोकरीला पुण्यात, आणि तात्या दिवसभर सोसायटीच्या कामात. तोडणी रोजंदारीच्या माणसांवर. ती माणसं भर उन्हात यायची, देठ तोडून फळ ओरबाडायची, पाट्या धडाधड आपटायची. हे सगळ्या गावाला दिसत होतं. चेअरमनच्या तोंडावर ते बोलायची कुणाची छाती नव्हती, आणि त्यांना आपल्या सावडीत घ्यायचीही नव्हती.

तात्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"लिहा पोपटराव," ते म्हणाले. "उरले, चेअरमन."

कुणी हसलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय सूनबाई? बोलली होतीस."

"बोलले होते, तात्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या मळ्यात आले, खांद्यावर पाटी घेऊन. ठकूमामी आणि विमल खोकी भरत होत्या, त्या उठून उभ्या राहिल्या. तात्यांनी पाटी माझ्यापुढे ठेवली आणि उकिडवे बसले. चुलत सासरे जमिनीवर आणि मी त्यांच्या पाटीत हात घालणार. माझे कान तापले. पण खोक्यावर बांगडी माझी उठणार होती.

"तात्या, हे काढा."

"कुठलं?"

"हे उललंय. आणि हे. याला देठ नाही. हे कालच्या उन्हातलं, बघा कसं मऊ पडलंय."

ते एकेक फळ बाजूला काढत गेले. पाटी निम्म्याच्या वर रिकामी झाली. मामींनी पदर तोंडाशी धरला होता, पण हसण्यासाठी नव्हे.

"तुला काय वाटलं," तात्या पाटीकडेच बघत म्हणाले, "काल तो प्रश्न मी निवृत्तीसाठी विचारला?"

मी हातातलं फळ खाली ठेवलं.

"मुंबईला खोकी नासली ना, त्यातला खालचा थर माझा होता. माझी झाडं नदीकाठची, सगळ्यांच्या आधी पिकतात. त्या दिवशी इतकं पिकलेलं दुसऱ्या कुणाकडे नव्हतंच. तुम्हाला कुणाला कळलं नाही. मला कळलं. ढीग होता म्हणून मी वाचलो." आणखी एक फळ बाजूला काढून म्हणाले, "दलालाला फट सापडू नये म्हणून ढीग केला. आणि मग त्याच ढिगात मीच लपलो."

मी खोबरेलाची बाटली त्यांच्यापुढे केली. "बोटांना लावा. चीक लागला तर कातडं सोलतं. आणि उद्यापासून रोजंदारीची माणसं नकोत. पहाटे आम्ही तिघी तुमच्याकडे येऊ, मग तुम्ही आमच्याकडे. ऊन वर यायच्या आत."

"मला तोडता येईल?"

"शिकाल."

त्यांनी हात पुढे केले. मी तेल ओतलं.

पुढच्या बहाराला बांगडी छापाच्या खोक्यांवरून गावानं तात्यांना पुष्कळ छेडलं. चेअरमनला सुनेनं बांगड्या भरल्या, असं पारावर बसून बोलायचे. तात्या म्हणायचे, "भरल्या तर भरल्या. जुन्या ढिगापेक्षा भाव बरा आहे."

आता त्यातलं कोण कुठे ते सांगते. पोपटरावांनी पोटनियमात सावड हा शब्द घातला, आणि पुढे बाहेरगावच्या सोसायट्यांची माणसं बघायला यायची तेव्हा ती कल्पना त्यांना कशी सुचली ते रंगवून सांगायचे. आम्ही कुणी त्यांना अडवलं नाही. लिहिलं तर त्यांनीच होतं. भिकूला ओतायला ढीग उरला नाही. तो गाडी शिकला आणि सोसायटीचा ट्रक चालवत म्हातारा झाला. निवृत्तीच्या सावडीनं अंजीर वाळवायचं काढलं. पहिल्या वर्षी बुरशी आली, दुसऱ्या वर्षी मुंग्या. गाव हसलं, पण कुणी ठराव करून थांबवलं नाही, कारण जे गेलं ते त्यांचंच गेलं. तिसऱ्या वर्षी जमलं. आज त्याचा नातू तेच करतो, आणि त्याच्या कारखान्यात पंचक्रोशीतली माणसं कामाला आहेत. विमलनं सीताफळाचा गर काढून विकायला सुरुवात केली, तीही चार घरांना विचारून. शेवटी तिच्या नवऱ्यानं आपणहून शेअर तिच्या नावावर करून दिला. रशीदभाई गेले, त्यांचा मुलगा अजून बांगडी छापाचा माल घेतो आणि न चुकता ईदला शीरखुर्मा पाठवतो. ठकूमामी आपल्या अंथरुणावर गेल्या, आदल्या दिवशी सुनेला कुठल्या झाडाला किती पाणी द्यायचं ते सांगून. त्यांची ती बांगडी कधीच फुटली. आता रबराचा शिक्का आहे, पण त्यावर गोल कडंच आहे.

यजमान फौजेतून परतले तेव्हा त्यांनी विचारलं, मी नसताना काय काय झालं? मी म्हटलं, विशेष काही नाही, तात्या आपल्या सावडीत आले. यजमान आता नाहीत. मी आहे. झाडंही आहेत, काही सासऱ्यांच्या हातची, काही माझ्या.

तात्यांनी चेअरमनपद लवकरच सोडलं. तोडणी मात्र सोडली नाही. हातपाय चालत होते तोवर पहाटे येत राहिले. शेवटच्या बहारात कमी दिसायला लागलं होतं, बोटांनीच फळ चाचपायचे. एका सकाळी त्यांनी पाटी माझ्यापुढे ठेवली. मी पानं उचलून खालपर्यंत पाहिलं. काढण्यासारखं एकही फळ नव्हतं. मी पाटी विमलकडे सरकवली.

"सगुणा," तात्या म्हणाले, "नीट बघितलंस ना? माझी आहे म्हणून सोडू नकोस."